नाना 'आन्' म्हणाले होते

सोमवार, ३ नोव्हेंबर

दिवाळीची झोप अजून सुरतेतल्या आमच्या अख्ख्या नवागामच्या डोळ्यांवर आहे. कारखाने उघडलेत, पण गावाला गेलेली अर्धी माणसं परतलीच नाहीत. माझ्या इंग्रजीच्या क्लासलाही आज फक्त सहा पोरी आल्या. म्हटलं चला, वही उघडू. काम मिळालंय आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहायचं नाही. नवऱ्याला, प्रवीणला सांगितलं तर तो हजीऱ्याच्या ड्युटीवरून दमून आलेला, "बरं झालं" म्हणाला आणि भाकरी मोडायला लागला.

तर काम असं. दिल्लीच्या एका इंग्रजी मासिकाच्या किरणबेन सुरतेत आल्यात. त्या मूळच्या लखनौच्या, पण सुरतेत पाय ठेवला की बाई 'बेन' होतेच. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आयुष्य काढलेल्या आणि त्या आवाजानं कान गेलेल्या आपल्या खान्देशी माणसांवर त्यांना मोठा लेख करायचाय. त्यांना अहिराणी येत नाही, त्यामुळे मधे बोलणारं माणूस हवं. कॉलेजातल्या आमच्या जुन्या सरांनी माझं नाव दिलं. देवा, त्या सरांचं भलं कर. बारा वर्षं मी 'धिस इज अ कॅट' शिकवतेय. कुणीतरी आपल्या इंग्रजीवर विश्वास टाकला, याचंच मला केवढं वाटलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

किरणबेननी मासिकाचे चार जुने अंक दिले. म्हणाल्या, आमची भाषा कानात बसू दे. मी मास्तरीण! पेन्सिल घेऊनच बसले आणि एक गंमत सापडली. प्रत्येक लेखात आधी छान छान चित्र काढतात, नदी, ऊन, हसणारा म्हातारा, आणि मग नवा परिच्छेद सुरू होतो तोच 'बट'नं. शहर स्वच्छ आहे, बट. बाई हसते, बट. एका लेखात एकोणीस 'बट' मोजले. आमच्या शाळेत 'बट'नं वाक्य सुरू केलं तर हातावर पट्टी बसायची.

किरणबेनना विचारलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, 'अँड'नं यादी होते, 'बट'नं गोष्ट होते. वाचकाला पान उलटायला लावायचं तर त्याच्या पायात काहीतरी अडकवावं लागतं. मला हे इतकं पटलं की संध्याकाळी क्लासात पोरींकडून तेच करून घेतलं. "माय ब्रदर इज फॅट, बट ही कॅन डान्स." पोरी खिदळत घरी गेल्या.

लेखासाठी माणसं शोधून दिली. सहा जणांशी बोलणं झालं. किरणबेन म्हणाल्या, एकच माणूस हवा, ज्याच्याभोवती सगळं गुंफता येईल. आणि मग विचारलं, तुमचे वडील लूमवर होते ना?

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी नानांचं नावच काढलं नव्हतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

झाली एकदाची मुलाखत. नाना त्यांच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मी रोज दुपारी डबा घेऊन जाते तेव्हा बनियनवर असतात.

किरणबेनना आधी वाटलं, बहिऱ्या माणसाशी बोलणार कसं? मी दाखवलं. लूमवाल्यांशी आवाज काढायची गरजच नसते. खटाखटीत चाळीस वर्षं काढलेली माणसं, ती ओठ बघून ऐकतात. मी नुसते ओठ हलवायचे, नाना वाचायचे. किरणबेन बघतच राहिल्या. नाना मात्र बोलतात ते गल्लीच्या टोकापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं. आपला आवाज किती ते त्यांना कळत नाही.

दीड तास बोलले. गाव, अमळनेरकडची चार एकर कोरडवाहू, बारा लूमवरची पाळी, तुटलेला धागा आवाजावरून ओळखणं. मग आईचं निघालंच. किरणबेननी विचारलं, बायको कधी गेली? नानांनी सांगितलं, ती गेली आणि त्याच दिवशी ते कामावर गेले. मी तसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. आवाज हलू दिला नाही. आज दिवसभर मी शब्दाला शब्द दिला, पदरचं काही घातलं नाही, याचा मला अभिमान आहे.

किरणबेननी वहीत त्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या. मी बघितलं.

वहीशी खोटं काय बोलायचं. त्या दिवसाचं मी अजून विसरलेली नाही. अठरा वर्षं झाली. काविळीनं आई पहाटे गेली. अकराला तापीकाठी सगळं उरकलं. बाराला हा माणूस कपडे बदलून कारखान्यात! मी बारावीत, धाकटा भाऊ विकास अकरा वर्षांचा. भेटायला आलेल्या बायका नानांचं नाव घेऊन विचारताहेत, भाईदास कुठंय? समोरच्या सखुबाईनं माझ्यासाठी खोटं सांगितलं, गावाकडच्यांना आणायला स्टेशनवर गेलाय. सातनंतर नाना आले, आंघोळ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी त्यांना कधी काही विचारलं नाही. पुढं कान गेले, मग तर सोपंच झालं. बहिऱ्याशी काय बोलायचं? डबा नेते, औषध आणते, सणाला घरी आणते. माझ्याकडून कुठं कमी पडू दिलेलं नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

किरणबेन दिल्लीला गेल्या. जाताना माझ्या गळ्यात पडल्या. म्हणाल्या, तुमच्याशिवाय हा लेख झालाच नसता. मी आपली रिक्षात बसून रडले आणि रिक्षावाला विचारतो, "बेन, कोण गेलं?"

मंगळवार, २ डिसेंबर

आज दिल्लीहून मनीषाचा फोन. मासिकात हिचं कामच मुळी लेखातलं एकेक वाक्य खरं की खोटं हे तपासणं. फॅक्ट चेकर म्हणतात. माहेर पारोळ्याचं, त्यामुळे अहिराणी घरचीच. असली चिकट बाई मी जन्मात पाहिली नाही. नानांचं वय अडुसष्ट की एकोणसत्तर? लूम बारा की चौदा? गल्लीतला नळ सहाला येतो की साडेसहाला? मी म्हटलं, बाई, नळाला स्वतःला ठाऊक नाही. तर म्हणाली, मग 'सकाळी' लिहू. तासभर हे चाललं. मला खरंच आवडलं. आपल्या गल्लीतल्या नळासाठी दिल्लीत कुणीतरी एवढं खरं बोलायला धडपडतंय!

आणि मग म्हणाली, ताई, एक शंका आहे. रेकॉर्डिंग मी चारदा ऐकलं. लेखात चार ठिकाणी काकांच्या तोंडी 'बट' आहे. काका कुठंच 'पण' म्हणत नाहीत. चारही ठिकाणी 'आन्' म्हणतात.

मी म्हटलं, म्हणजे?

तिनं वाचून दाखवलं. काका म्हणतात, मी अंगठाबहाद्दर आन् माझी पोर इंग्रजी शिकवते. लेखात आहे, मी अडाणी आहे, बट माझी मुलगी इंग्रजी शिकवते. अशी तीन. ती सोडून देईन, म्हणाली. चौथं सोडवत नाही. 'माझी बायको गेली, बट त्याच दिवशी मी कारखान्यात गेलो.'

मी म्हटलं, अर्थ तोच होतो ना. ती मऊ आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही त्यांना एकदा विचाराल का? माणसाच्या तोंडात आपण शब्द घालतो, तर त्याला विचारून घालावा. शुक्रवारी अंक छपाईला जातोय."

माझं डोकंच सणकलं. मी काय खोटं सांगितलं? मी सरळ किरणबेनना फोन लावला. त्या घाईत होत्या. म्हणाल्या, त्या एका 'बट'वर पुढचं अख्खं पान उभं आहे नूतन. कारखाना माणसाला किती दगड करून टाकतो, हे त्या वाक्यातून कळतं. प्लीज, त्यांच्याकडून हो म्हणवून घे.

दगड. हा शब्द लेखात आहे. माझ्या बापाबद्दल, छापून येणार, देशभर. कधीकाळी मी स्वतः मनात हाच शब्द वापरलाय. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आणि कसंतरीच झालं.

बुधवार, ३ डिसेंबर

विचारलं नाही. डबा ठेवला, मेथीची भाजी होती, त्यांनी चांगली झाली म्हणून हातानं खूण केली आणि मी पळून आले. क्लासात एका पोरीवर उगाच खेकसले.

मनीषानं रेकॉर्डिंगचा तेवढा तुकडा मोबाईलवर पाठवलाय. न ऐकताच पुसून टाकणार होते. शेवटी दुपारी दार लावून ऐकला.

नानांचा आवाज: "तुन्ही माय गयी, आन् त्याच दिन मी कारखानामा गऊ." तुझी आई गेली आणि त्याच दिवशी मी कारखान्यात गेलो, असं. मग म्हणतात, "कारन..."

आणि लगेच माझा आवाज. चढा, घाईचा, मास्तरणीचा. बट द सेम डे आय वेंट टू द फॅक्टरी.

त्यांचं वाक्य संपलंच नव्हतं. त्यांना माझा आवाज ऐकू आला नसणार. पण त्यांनी माझे ओठ हललेले पाहिले, मी किरणबेनकडे तोंड फिरवलेलं पाहिलं आणि ते थांबले. 'कारण' म्हणून तो माणूस थांबला. पुढं रेकॉर्डिंगमध्ये पंख्याचा आवाज आहे आणि मग किरणबेनचा पुढचा प्रश्न.

सात-आठ वेळा ऐकलं. शब्दाला शब्द दिला म्हणून त्या दिवशी या वहीत काय टेंभा मिरवलाय मी! मागचं पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही. राहू दे, माझंच अक्षर आहे.

गुरुवार, ४ डिसेंबर

नीट लिहिते, नाहीतर उद्या माझं मलाच खोटं वाटेल.

बारा वाजता गेले. नाना उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होते. मी डबा आत ठेवला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. आवाज काढला नाही. नुसत्या ओठांनी विचारलं, आई गेली त्या दिवशी कारखान्यात का गेलात?

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. परत विचार, म्हणून बोट फिरवलं. मी परत विचारलं. हातातली शेंग त्यांनी सुपात ठेवली.

"घरमा तुम्ही दोन्ही पोरे व्हतात," ते म्हणाले. "मी रडतू, तं तुम्ही कोनाकडे पाहतात? कारखानामा कोनले ऐकू येत नही. मी तठे सात वाजेपावत रडनू."

इतक्या मोठ्यानं म्हणाले की समोरच्या दाराशी सखुबाई भाजी निवडत होती, ती ताट उचलून आत गेली.

मग त्यांनी राहिलेलं सांगितलं, अगदी सावकाश. बारा लूम चालू करून ते मधे उभे राहिले आणि तोंड उघडून रडले, हंबरडा फोडून. आवाज कुणाला जाणार नव्हता. पण ती सगळी ओठ वाचणारी माणसं. शेजारच्या लूमवाल्या रामदासकाकांनी बघितलं. धागे तुटत होते, कापड बिघडत होतं, नानांचं लक्ष नव्हतं. एक लूम थांबला की तेवढा आवाज कमी होतो. तर रामदासकाका आणि आणखी एक जण, आपापले बारा बारा सांभाळून, नानांचे लूम चालू ठेवत राहिले. सात वाजेपर्यंत एकही लूम थांबू दिला नाही. का, तर भाईदासचं रडणं बाहेर पडू नये. नंतर कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. रामदासकाका तीन वर्षांपूर्वी गेले. मी त्यांच्या दहाव्यालासुद्धा गेले नाही, क्लास होता म्हणून.

मी नानांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. लहानपणानंतर पहिल्यांदा. त्यांनी केसांवर हात ठेवला, शेंगांची माती लागलेला. अठरा वर्षं मी ज्या माणसाला दगड म्हणून डबा नेत होते, तो माझ्यासमोर रडायचं नाही म्हणून बारा लूमच्या मधे जाऊन उभा राहिला होता. आणि मी विचारलं नाही. एकदासुद्धा नाही. एवढं शिकून मी काय केलं?

बऱ्याच वेळानं मान वर करून ओठांनी विचारलं, हे छापायला सांगू का? लेखात शोभेल.

त्यांनी मान हलवली. "ते छापानं नही. ते तुले सांगं."

शुक्रवार, ५ डिसेंबर

सकाळी नऊला मनीषाचा फोन. म्हटलं, 'बट' काढ, 'अँड' घाल. ती म्हणाली, कारण विचारलंत? म्हटलं, विचारलं. सांगितलं त्यांनी. ते लेखासाठी नाही.

पुढचं एक अक्षर तिनं विचारलं नाही. नुसतं "बरं ताई" म्हणाली आणि तिच्या आवाजावरून मला वाटलं, तिला पुष्कळसं कळलं. पारोळ्याची पोर, तुझे उपकार कसे फेडू? तू चारदा ऐकलंस म्हणून मी एकदाचं त्यांचं ऐकलं.

दहा मिनिटांत किरणबेन. आधी रागावल्या. 'अँड'नं ते वाक्य मेलं, म्हणाल्या. ती गेली आणि मी गेलो, यात काय आहे? वाचकाला काय कळणार? मग चतुर बाईनं ओळखलं. काहीतरी कारण आहे ना नूतन? ते सांग मला. जे काय असेल ते या अख्ख्या लेखातलं सगळ्यात मोठं वाक्य असेल. मी सांभाळून लिहीन, वचन देते.

खरं सांगते, मोह झाला. त्या छान लिहितील हे मला ठाऊक आहे. लोक वाचतील, रडतील, नानांना दगड कुणी म्हणणार नाही, उलट देव म्हणतील. गोष्ट अगदी जिभेच्या टोकापर्यंत आली होती. मी म्हटलं, "किरणबेन, एकदा मी त्यांना मधेच तोडलंय. आता त्यांनी जिथं थांब म्हटलं तिथं थांबते."

त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, गेलं काम. यापुढं कशाला बोलावतील? प्रवीण म्हणाला, गेलं तर गेलं, क्लास आहे. दुपारी त्यांचा निरोप आला. 'दगड'वालं अख्खं पान काढून टाकलंय, त्या जागी कामगारांची ओठांची बोली घातलीय, आणि बाकीचे तीन 'बट'सुद्धा 'अँड' केलेत. खाली लिहिलं होतं, माझ्या वडिलांनाही आज फोन करतेय. मोठ्या मनाची बाई. मी तिला उगाच लबाड समजत होते.

संध्याकाळी विकासला फोन करून सगळं सांगितलं. त्याला तर सांगायलाच हवं होतं, त्या दोन पोरांमधलं दुसरं पोर तोच. तो म्हणाला, अक्का, रविवारी येतो, नानांसाठी काय आणू?

रविवार, ११ जानेवारी

अंक आला. नानांचा फोटो पानभर, इस्त्रीच्या शर्टातला. सखुबाईनं तो गल्लीत सात घरी फिरवला आणि प्रत्येक घरी स्वतःच लिहिल्यासारखं समजावून सांगितलं. विकास पुऱ्या आणि श्रीखंड घेऊन आला होता. आम्ही तिघं त्या खोलीत मांडीला मांडी लावून जेवलो.

जेवणं झाल्यावर मी नानांना लेख वाचून दाखवला, ओठांनी, अहिराणीत, एकेक वाक्य. आणि या वेळी प्रत्येक वाक्यानंतर थांबत होते. त्यांना काही म्हणायचं असेल तर म्हणू दे. ते अधूनमधून मान डोलवत. नळाचं आलं तेव्हा हसले.

मग ते वाक्य आलं. माय वाइफ डाइड, अँड द सेम डे आय वेंट टू द फॅक्टरी. मी ते त्यांच्याच शब्दांत परत दिलं. विकास भिंतीकडे बघायला लागला. नाना म्हणाले, "बरोबर शे." आणि वाक्यावर बोट ठेवून विचारलं, "तुन्ही मायनं नाव कोठे शे?"

मी पान वरपासून खालपर्यंत बघितलं. मागचं बघितलं, पुढचं बघितलं. नव्हतं. सगळीकडे 'वाइफ'. किरणबेननी विचारलं नव्हतं. मनीषानं नळाची वेळ विचारली, पण जे लिहिलंच नाही ते ती तरी कशी तपासणार? आणि मी, तिच्या पोटची, दीड तास शेजारी बसले होते.

विकासच्या खिशातलं बॉलपेन घेतलं आणि त्या ओळीच्या वर लिहिलं, रुक्मिणी. नाना वाकून बघत होते. त्यांना वाचता येत नाही, पण आजूबाजूच्या छापील अक्षरांशी त्यांनी ते ताडून पाहिलं आणि मान हलवली.

"बारीक शे," म्हणाले. "मोठं लिख."

मग मी मोठं लिहिलं.